क्वार्ट्झच्या डबीत काच

९ मार्च २०२५
बेलवली, बदलापूर (प.)

प्रिय रुचिका,

अकरा वर्षं पत्र नाही, फोन नाही, याबद्दल आधी माफी मागते. अप्पांच्या तेराव्यानंतर दर दिवाळीला तुला लिहायचं ठरवायचे आणि दर दिवाळीला वहीत चार पानं लिहून थांबायचे. वही उलट प्रश्न विचारत नाही. तुझा बंगळुरूचा पत्ता मामाकडून घेतला. त्याने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आज लिहायला बसले ते तुझ्या भाषणामुळे. विज्ञान दिनाला उल्हासनगरच्या कॉलेजात तू पडद्यावरून बोललीस, ते मी नंतर लॅबमध्ये डबा खाताना मोबाईलवर पाहिलं. तुझे केस पांढरे झालेत, अप्पांसारखे, कानशिलापासून. शुक्राचं तू किती सोपं करून सांगितलंस! प्रत्येक पदार्थ प्रकाशाचा आपापला घास घेतो, कोणता घास गेला ते पाहिलं की कोण जेवून गेलं ते कळतं. शुक्राच्या ढगात कोणीतरी अतिनील प्रकाश खातंय आणि ते नेमकं कोण, हे अजून कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. आपल्या डोक्यावरचा ओझोन हा प्रकाश अडवतो, म्हणून यंत्र हवेच्या पार वर न्यावं लागतं. पोरं गप्प बसून ऐकत होती.

मग तू ती क्युव्हेट हातात धरलीस. "ही बोटभर उंचीची चौकोनी कुपी. हिच्यात पाणी घालायचं, एका बाजूने प्रकाश सोडायचा, दुसऱ्या बाजूने मोजायचा. पण साध्या काचेची चालत नाही. काच स्वतःच अतिनील गिळते. क्वार्ट्झचीच लागते." आणि पुढे म्हणालीस, "माझी ताई अंबरनाथच्या लॅबमध्ये याच प्रकाशाने पाणी तपासते. असलं यंत्र मी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं."

माझा घास हातातच राहिला. तू कॅमेऱ्यात बघत होतीस. मला वाटलं, माझ्याकडे बघते आहेस.

यंत्र तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस, पण तो प्रकाश त्याच्या कितीतरी आधी पाहिला होतास. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आपल्या खोलीखाली परसराम शेठचं कापडाचं दुकान होतं. खोट्या नोटा ओळखायचा जांभळा दिवा त्यांच्या गल्ल्यावर असायचा. तू शाळेच्या शर्टाची बाही त्याखाली घालायचीस आणि ती निळी पेटली की ओरडायचीस. शेठ त्यांच्या सिंधी लाडाने म्हणायचे, "पुट, लाईट में आँख मत डाल." तुला आठवतं का हे?

माझं बरं चाललंय. लॅब तीच, खुर्ची तीच. लग्नाचं आता कोणी विचारत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. काम मात्र वाढलंय. गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगखाली रानभाजी विकणाऱ्या तुळशीने वाडीवरच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणून दिलं. "ताय, वास मारतंय." बारवी धरणाकडे डोंगराच्या अंगाला एक छोटी वाडी आहे, तिथली ती. कोणीतरी वरच्या ओढ्यात केमिकलचा टँकर रिकामा केला असं म्हणतात, पाहिलं कोणी नाही. मी तपासून दिलं, पैसे न घेता. काही सापडलं नाही.

एक तांत्रिक शंका आहे, सहजच विचारते. फिनॉल आपण दोनशे सत्तर नॅनोमीटरला पाहतो. तिथे साध्या काचेतून थोडा तरी प्रकाश जात असेलच ना? अगदी शून्य नसेल. आमच्या इथे फेब्रुवारीत क्वार्ट्झची क्युव्हेट फुटली, म्हणून विचारतेय.

उत्तर दिलंस तर आनंद होईल.

तुझी,
ताई

१७ मार्च २०२५
बेलवली

रुचिका,

तुझा मेसेज मिळाला. माझ्या तीन पानांना दोन ओळी: "ताई, काहीच जात नाही, हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. ते पाणी पिणं थांबलं का?"

नाही. थांबलेलं नाही.

मेसेजला मेसेजने उत्तर देता आलं असतं. पण फोनवर मला खोटं बोलता येतं, कागदावर जड जातं. जड जातं म्हटलं, येत नाही असं म्हणत नाही. मागच्या पत्रातल्या काही गोष्टी दुरुस्त करते.

"क्युव्हेट फुटली" असं मी लिहिलं. ती मी फोडली. तीन फेब्रुवारीला धुताना हातातून सिंकमध्ये पडली. तुकडे कागदात गुंडाळून पर्समध्ये घातले आणि मखमलीच्या डबीतल्या रिकाम्या खाचेत साध्या काचेची ठेवली. दिसायला अगदी तशीच, फक्त वरच्या कडेला कोरलेला क्यू नाही. कोण बघतंय क्यू? मी ठरवलं होतं, विकास सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, संध्याकाळी सांगायचं. संध्याकाळी ते कोणावर तरी ओरडत होते. मग उद्या सांगू म्हटलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, अजून शाळेतल्या मुलीसारखी घाबरते, असं त्या दिवशी वहीत लिहिलंय. स्वतःला नावं ठेवून मी वही मिटली आणि झोपले.

तुळशीची बाटली आली बारा फेब्रुवारीला. झाकण काढताच वास आला. दवाखान्याची लादी पुसतात तसा. तरी मी ते पाणी त्याच काचेत घातलं. पडद्यावर रेघ वेडीवाकडी नाचत होती, अंधारात मोजलं की नाचते तशी. मी सॉफ्टवेअरमधल्या स्मूदिंगच्या चौकोनात टिक केली. रेघ सरळ झाली. तशीच छापली, लॅबच्या कागदावर, खाली माझी सही आणि शिक्का. "फिनॉल : आढळले नाही."

तुळशीने तो कागद पंचायतीत दाखवला. वासाच्या तक्रारीवरून वाडीला आठवड्यातून तीनदा पाण्याचा टँकर सुरू झाला होता, तो बंद झाला. विहीर पुन्हा सुरू झाली.

मी आज विकास सरांकडे गेले, तुझा मेसेज आल्यावर लगेच. त्यांना काच-क्वार्ट्झचं सगळं सांगितलं.

"कोणी कम्प्लेन केलीय का, मॅडम?"

"नाही."

"मग? फ्री का सॅम्पल, उसमें इतना टेन्शन? एक रिपोर्ट मागे घेतला की दीड महिन्याचे सगळे घ्यावे लागतील. पुढच्या महिन्यात नवीन क्युव्हेट मागवतो. तोपर्यंत शांत राहा. आणि फोडली कोणी?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

बघ, हेही लिहून टाकलं.

रविवारी वाडीवर जाऊन सांगणार आहे. तिथे जायला एकच एसटी आहे, तिच्या सकाळी आणि दुपारी अशा दोनच फेऱ्या. तुझ्या समाधानासाठी म्हणून नव्हे, मलाच झोप लागत नाही.

ताई

२३ मार्च २०२५
बेलवली

रुचिका,

आज जाऊन आले. चहा न घेता हे लिहितेय, थांबले तर कथा सुधारेन.

तुळशीच्या घरात भिंतीवर माझा रिपोर्ट आहे, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेला, कालनिर्णयच्या शेजारी. तिचा नवरा गोमा चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगांवर सेंट्रिंगचं काम करतो, त्याने बदलापुरातून करून आणला. मी आत जाताच तो म्हणाला, "या, या! आमच्या डाक्टरीणबाई आल्या. खऱ्या डाक्टरीण ह्या बरं का, आमची घरातली खोटी."

घरातली खोटी म्हणजे त्याची आई, बनूबाई. कोपऱ्यात गोधडीवर बसली होती, ओठांच्या कडा पांढऱ्या, फुटलेल्या. पहिल्या दिवसापासून तिने विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. वरच्या झऱ्यावर एकटी चढून जायची आणि कळशी घेऊन उतरायची. रिपोर्ट आल्यावर वाडीतल्या बायका तिला डाक्टरीण म्हणायला लागल्या. "आली डाक्टरीण, नाक धरा." मग ती एकदा उतारावर पडली आणि गोम्याने कळशी माळ्यावर टाकली. ह्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. आई मरेल म्हणून त्याने आईला ते पाणी प्यायला लावलं. त्याच्या बाजूने भिंतीवर माझी सही होती.

"ताय, बोला हिला जरा," तुळशी म्हणाली. "तोंड आलंय म्हनते, काळी लघवी होते म्हनते. सगळी नाटकं झऱ्याव जायाची."

"पोटं तर आपल्या सगळ्यांचीच बिघडल्यात," गोमा म्हणाला. "उन्हाळाच हाय तसा."

तुळशीने तांब्या माझ्यापुढे ठेवला. माझ्या पिशवीत घरची बाटली होती, आणि तिने ती पाहिली होती.

"उपास आहे," मी म्हटलं.

"पानी पन चालत नाय?"

"निर्जळी आहे."

कोपऱ्यातून बनूबाई हसली. आवाज नव्हता त्या हसण्याला. "बाई पन पीत नाय," ती म्हणाली.

"गप राव्हा आत्याबाई. पाव्हन्यांसमोर बी?"

म्हातारी भिंतीचा आधार घेऊन उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझा हात धरला. तिचं बोट माझ्या मनगटावर होतं, नाडी बघावी तसं. "बाई, तू शिकलेली. तूच सांग ह्यांना. मी खोटी का?"

दारात चार-पाच बायका जमल्या होत्या. मला त्यांच्यासमोर फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते मी एसटीत तोंडपाठ केलं होतं: माझी चूक झाली, हे पाणी पिऊ नका. मी गोम्याकडे पाहिलं, त्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे पाहिलं, आणि मला दिसलं की हे बोलल्यावर ह्या सगळ्यांची तोंडं कशी होतील. आता ती किती प्रेमाने बघत होती.

"पाणी चांगलं आहे, आजी," मी म्हटलं.

तिने माझा हात सोडला. रागावली नाही. परत गोधडीवर जाऊन बसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तपासणीचा नेम म्हणून मी विहिरीतून पुन्हा एक बाटली भरून घेतली आणि तीन वाजताच्या गाडीने परत आले. गाडीत मला काय आठवत होतं, ते तुला सांगायलाच हवं.

२००९. तुझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट. मी विकास सरांना विनवून तुला आमच्या यंत्रावर बसू दिलं. त्याच्या आदल्या रविवारी मला बघायला माणसं आली होती, आणि पोहे देताना तू हसत म्हणालीस, "ताईचं काम सोपंय. बाटली ठेवायची, बटन दाबायचं." सगळे हसले. अप्पाही हसले. माझं एम.एस्सी. ज्यांच्या पगारात बसलं नाही आणि तुझं बसवलं गेलं, ते अप्पा. सोमवारी मी तुला डबी दिली. त्यात काचेची क्युव्हेट होती. मी मुद्दाम ठेवली होती. दोन महिने तू सरळ रेघा काढत बसलीस आणि मी तुझ्या मागे उभी राहून म्हणत होते, "येईल गं, धीर धर."

बाहेरच्या परीक्षकाने त्या सरळ रेघा बघून सगळ्या वर्गासमोर तुला विचारलं, "मॅडम, डोळे आहेत का?" तुझं वर्ष गेलं. घरी येऊन तू रडलीस तेव्हा तुझ्या डोक्यावरून हात फिरवायला मीच होते.

अप्पांच्या तेराव्यानंतर निघताना चपला घालत तू एवढंच म्हणालीस, "त्यावर क्यू नव्हता, ताई." मी म्हटलं, "कशावर?" अकरा वर्षं मी त्या "कशावर"मध्ये राहते आहे.

हे मी आधी कधी कबूल केलं नव्हतं. आता केलं. मला थोडं हलकं वाटतंय, आणि हलकं वाटतंय याची लाज वाटते.

ताई

३० मार्च २०२५, गुढीपाडवा
बेलवली

रुचिका,

शुक्रवारी तुझं कुरिअर आलं. खोक्यात खोका, त्यात कापूस, त्यात क्वार्ट्झची क्युव्हेट. चिठ्ठी नाही. मी ती खिडकीशी धरून पाहिली. वरच्या कडेला क्यू आहे.

काल लॅबमध्ये गेल्या रविवारी आणलेली बाटली तिच्यात घालून बघितली. स्मूदिंगच्या चौकोनाला हात लावला नाही. लावावाही लागला नसता. दोनशे सत्तरला उंचवटा आला, वाडीमागचा डोंगर उभा राहतो तसा. पातळ करून पुन्हा बघितलं, तरी होताच. तू कोट्यवधी किलोमीटरवरच्या ढगात कोण काय खातंय ते शोधतेस. इथे तासाभराच्या एसटीवर जे होतं ते माझ्या नाकाला कळलं होतं, आणि मी यंत्राकडून नाही म्हणवून घेतलं. हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. चांगलं जमलंय. म्हणूनच ते खोडावंसं वाटतं. अशी वाक्यं जमवण्यात माझा फार वेळ गेला आहे.

आज सकाळी तुळशी खाली बसली होती, कडुनिंबाचे डहाळे आणि झेंडूच्या माळा घेऊन. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका घासाघीस करत होत्या. डहाळ्यांवर ती बादलीतलं पाणी शिंपडत होती. बादली वाडीवरूनच आणलेली. मी म्हटलं, सगळ्या गेल्या की सांगू.

"म्हातारी कशी आहे?" मी विचारलं.

"आता लय शानी झाली, ताय! तुम्ही बोल्लात ना, त्या दिसापासून हट्ट नाय, काय नाय. आपन दिलं की गप पिते. दोन-दोन तांबे पिते. बोलत पन नाय आता, तोंड लय आलंय ना. तुमचे लय उपकार." आणि तिने माझ्या हातात एक डहाळा ठेवला. "घ्या. पाडव्याचा. पैसे नको."

मी तो घेतला. वर आले. त्याचा वास घेतला आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला. तुळशी खालीच होती, माझ्या खिडकीतून तिचं डोकं दिसत होतं. दोन जिने उतरायचे होते. मी उतरले नाही, वही काढली.

तेवढ्यात तुझा फोन वाजला. उचलला नाही. मग मेसेज आला: "ताई, तुझी तिन्ही पत्रं परत वाचली. एकातही वाडीचं नाव नाही. मी इथून कोणाला फोन करू? तू मला पत्रं लिहितेस तेवढे दिवस ते लोक पाणी पितायत. २००९ चं मला कधीचं माहीत आहे, ते राहू दे. वाडीचं नाव सांग."

मी मागची पत्रं आठवून पाहिली, वहीतले कच्चे मसुदे उघडून बघितले. खरंच नाही. चिखलोलीचं नाव आहे, बारवीचं आहे, परसराम शेठचंसुद्धा आहे. वाडी मात्र "एक छोटी वाडी". मी ठरवून केलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण स्मूदिंगची टिकही मी ठरवून केली नव्हती.

तू २००९ "राहू दे" म्हणालीस ते मला लागलं. मी ती कबुली सगळ्यात मोठी समजत होते. तुझ्या दृष्टीने ती वेळ खाणारी होती. बनूबाईही जवळजवळ अशीच, न रागावता, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

हे पत्र तुझ्यापर्यंत यायला चार दिवस लागतील, म्हणून दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी तुला मेसेज केला: "करवंदीची वाडी." खाली "माफ कर" लिहिलं होतं, पाठवण्याआधी खोडलं. कालच्या मोजणीचा छापही पाठवला, माझ्या नावासकट, आणि तोच पंचायतीच्या नंबरवर आणि विकास सरांना. पंचायतीचं ऑफिस आज बंद आहे. विकास सरांचा फोन चार वेळा वाजून गेला.

मग खाली गेले. तुळशीची जागा रिकामी होती. पाणी शिंपडल्याचा ओला डाग फरशीवर होता. वॉचमन म्हणाला, "वो तो निकल गई, मॅडम. एक बजे की गाडी से." तिचा फोन लावला. वाडीत रेंज नसते हे मला माहीत आहे, तरी सहा वेळा लावला. त्यानंतर आज एसटी नाही. रिक्षावाले डोंगराकडे यायला तयार नव्हते, सणाचा दिवस. मी किती जणांना विचारलं? दोघांना. तिसऱ्याला विचारायला हवं होतं.

आजचे रात्रीचे तांबे बनूबाई पिणार आहे, गप, मी सांगितलं म्हणून. यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुझं उत्तर आत्ता आलं: "मिळालं. मी तहसीलमध्ये कोणाला तरी गाठते. तू किती वाजता निघतेस?"

सकाळची एसटी साडेसहाला सुटते, आणि तिकडे पोहोचेपर्यंत बायकांचं पाणी भरून झालेलं असतं. पत्र अर्धवट ठेवून स्टेशनजवळच्या रिक्षास्टँडवर जाऊन आले; तिसरा माणूस पहाटे पाचला यायला तयार झाला आहे.

ताई

उद्या : बायका पाण्याला यायच्या आत विहिरीवर पोहोचणे आणि त्या सगळ्यांच्या देखत सांगणे, की बनूबाई खरी होती.